परतून येणारे केस

संपादकांनी यंदाच्या दिवाळी अंकासाठी ‘पुनरागमन’ हा विषय मुक्रर केल्याचे पत्र आले तेव्हा प्रथम मनात आले ते दूरदेशीहून परतणारे लोक, विस्मृतीतून वर येणारे ग्रंथ आणि कोरड्या विहिरींना पुन्हा लागलेले झरे. परंतु त्याच सुमारास माझ्या परिचयातील एक शिक्षिका स्तनाच्या कर्करोगाचा उपचार पुरा करून शाळेत पुन्हा रुजू झाल्या आणि त्यांनी बोलता बोलता जे उद्गार काढले त्यांनी माझा विषय ठरवून टाकला. “शस्त्रक्रिया सोसली, सलाईन सोसलं,” त्या म्हणाल्या, “पण आरशातली बाई ओळखू येईना. भुवया आल्या, तेव्हा मी घरी आले असं वाटलं.” इतक्या दुर्धर व्याधीतून बाहेर पडलेल्या व्यक्तीने आपल्या परतीची नोंद बोटभर भुवईवरून करावी, ह्याला रूपाचा मोह म्हणून बाजूस सारणे मला उद्धटपणाचे वाटले, आणि ह्या पुनरागमनाचा क्रम कोणता, त्याची मुदत किती, त्यामागील देहाची व्यवस्था काय व त्याविषयी रुग्णाला कोण काय सांगते, ह्याची चौकशी करण्यासाठी मी परळची वाट धरली.

परळच्या डॉ. अर्नेस्ट बोर्जेस मार्गावर, टाटा स्मारक रुग्णालयाच्या दारासमोर, सकाळी सातापासून जी माणसे जमतात त्यांत विदर्भातील शेतकरी असतो, कोकणातील निवृत्त शिपाई असतो, आणि बंगाल-बिहारातून दोन रात्रींचा प्रवास करून आलेली कुटुंबेही असतात. मेहेरबाई टाटा ह्यांचे १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने निधन झाले, पुढच्याच वर्षी त्यांचे पती सर दोराबजी गेले, आणि त्यांच्या नावाच्या न्यासाने २८ फेब्रुवारी १९४१ रोजी हे रुग्णालय उघडले. १९६२ पासून ते अणुऊर्जा खात्याच्या अखत्यारीत आहे. ह्या रस्त्यावर केस नसलेल्या मस्तकाकडे वळून कोणी पाहत नाही. कानटोपी, सुती रुमाल, पदर, ओढणी, नुकतीच उगवलेली राखी लव, लहान मुलाच्या डोक्यावरील विरळ कुरळे केस, अशा गळतीच्या व उगवतीच्या साऱ्या अवस्था येथे एकाच फूटपाथवर शेजारी शेजारी उभ्या असतात, आणि ज्याचे केस काल गेले तो ज्याचे केस परत आले त्याला न ओळखताही अदबीने विचारतो, “किती महिने झाले?”

झोपलेल्यांना अभय

ह्या प्रश्नाचे उत्तर समजण्यासाठी केसाच्या मुळाची रीत समजली पाहिजे. माणसाच्या मस्तकावर सुमारे एक लाख केस असतात आणि त्यांतील प्रत्येकाचे मूळ स्वतंत्र कालगणनेने चालते: दोन ते सहा वर्षे वाढीची, दोन-तीन आठवडे आवरते घेण्याची आणि सुमारे तीन महिने विश्रांतीची, असा त्याचा क्रम असून विश्रांती संपली की जुना केस गळतो व त्याच जागी नवा निघतो. रोज कंगव्यात पन्नास ते शंभर केस येतात ते ह्या शिरस्त्यानेच. कोणत्याही दिवशी शेकडा पंच्याऐंशी ते नव्वद केस वाढीच्या अवस्थेत असतात, आणि वाढत्या केसाच्या तळाशी जो कंद असतो त्यातील पेशी मानवी देहातील सर्वांत त्वरेने विभागणाऱ्या पेशींपैकी होत. कर्करोगाच्या पेशींचेही लक्षण हेच. रसायनोपचारातील औषधांची दृष्टी त्वरित विभागणीवर असते, आणि त्या दृष्टीला कर्करोगाची गाठ व केसाचा कंद ह्यांत भेद दिसत नाही.

ही औषधे आली कोठून, हेही जाणण्यासारखे आहे. ज्याला वॉर्डात सगळे ‘लाल औषध’ म्हणतात ते डॉक्सोरुबिसिन इटलीतील एका मध्ययुगीन किल्ल्याच्या परिसरातील मातीत सापडलेल्या सूक्ष्मजंतूच्या वंशातून मिळाले. पॅक्लिटॅक्सेल अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील यू नावाच्या वृक्षाच्या सालीतून निघाले. आणि बालकांच्या रक्ताच्या कर्करोगात वापरले जाणारे व्हिन्क्रिस्टिन आपल्या दारात बारमाही फुलणाऱ्या सदाफुलीतून मिळते. ह्या औषधांनी लक्षावधी माणसे वाचली. औषधे पहिल्यांदा शरीरात गेल्यानंतर केसाच्या कंदातील काम एकाएकी मंदावते, तेथे तयार होणारा केस निमुळता व दुर्बळ होतो, आणि दोन ते तीन आठवड्यांनी हा निमुळता भाग त्वचेपाशी पोहोचला म्हणजे केस तेथेच तुटू लागतात. सारी औषधे सारखी कठोर नाहीत: डॉक्सोरुबिसिन, पॅक्लिटॅक्सेल, डोसेटॅक्सेल, इटोपोसाइड ह्यांनी बहुधा सर्वच केस जातात, तर काहींनी ते केवळ विरळ होतात. किरणोपचाराने केस जातात ते ज्या भागावर किरण पडले त्याच भागाचे. म्हणून छातीवर किरणे घेणाऱ्या रुग्णाने डोक्यावरच्या केसांची धास्ती घेण्याचे कारण नाही.

मग हे सारे उद्ध्वस्त झाल्यावर केस परत येतात कोठून? नव्या केसाचे बीज कंदातच असते अशी दीर्घकाळ समजूत होती. आणि ती खरी असती तर रसायनोपचारानंतर केस परत येणे हा एक चमत्कारच ठरला असता. १९९० मध्ये जॉर्ज कॉटसारेलिस, टुंग-टिएन सुन आणि रॉबर्ट लाव्हकर ह्या संशोधकांनी दाखवून दिले की केसाच्या मूळपेशी कंदात राहत नाहीत. त्या त्याच्या बऱ्याच वर, आपल्या अंगावर रोमांच उभे करणारा चिमुकला स्नायू जेथे केसाच्या मुळाला जोडलेला असतो तेथील एका फुगवट्यात राहतात. ह्या पेशी बहुतेक काळ निद्रिस्त असतात व क्वचितच विभागतात. जे जागे व कामात मग्न, त्यांच्यावर औषधाचा घाव पडतो. जे झोपलेले, त्यांना अभय मिळते. औषध थांबल्यावर हेच निद्रिस्त जागे होऊन नवा कंद घडवितात. केस परत येतील हे डॉक्टरांचे आश्वासन केवळ सांत्वन नसून त्याला शरीररचनेचा असा पक्का आधार आहे, हे रुग्णाला कळले तर आश्वासनाचे वजन किती वाढेल!

नाभिकाच्या खुर्चीत

रुग्णालयाच्या मागच्या बाजूस असलेल्या गल्ल्यांतील एका केशकर्तनालयात मी बराच वेळ बसलो होतो. तेथील नाभिकाला, खुर्चीत बसणारे गिऱ्हाईक कोणत्या औषधाच्या कितव्या फेरीत आहे, ह्याचा अदमास विचारल्यावाचून येतो. “वस्तरा लावत नाही मी,” तो म्हणाला, “मशीन फिरवतो. एक ओरखडा गेला तर ह्यांना महागात पडतं.” त्याचा हा अनुभवसिद्ध नियम वैद्यकाशी तंतोतंत जुळतो: औषधानंतरच्या एक-दोन आठवड्यांत रक्तातील पांढऱ्या पेशी उतरतात आणि त्या काळात त्वचेवरचा लहानसा छेदही जंतूंना वाट करून देतो. केस गळण्यापूर्वी दोन-तीन दिवस डोके ठणकते, उशीचा स्पर्शही सोसवत नाही, आणि ‘केस दुखतात’ ही बायकांची तक्रार त्वचारोगतज्ज्ञांना परिचित असलेली वास्तव वेदना आहे. केस बारीक करून टाकले की ती पुष्कळ कमी होते. शिवाय न्हाणीघराच्या जाळीत, उशीवर, पोळीच्या कणकेत रोज मूठमूठ केस सापडण्यापेक्षा आपणच दिवस ठरवून ते उतरविणे मनाला अधिक सोसते, असे जवळजवळ प्रत्येकीने मला सांगितले.

परंतु हा निर्णय महाराष्ट्रातील स्त्रीला सोपा नाही, आणि त्याचे कारण इतिहासात आहे. सातारा जिल्ह्यातून आलेल्या एका वृद्धेला सुनेने समजावून खुर्चीत बसविले तेव्हा ती एकदम उठून उभी राहिली आणि म्हणाली, “मालक धडधाकट भाईर उभं हायेत, आन् माझं डोकं बोडताय व्हय?” विधवांच्या केशवपनाची रूढी मुख्यतः ब्राह्मण आणि काही उच्चवर्णीय घरांपुरती होती खरी, परंतु स्त्रीचे बोडके मस्तक म्हणजे काय, हे साऱ्या समाजाला ठाऊक होते. हरि नारायण आपट्यांनी ‘पण लक्षात कोण घेतो!’ ह्या कादंबरीत यमूच्या केशवपनाचा जो प्रसंग रंगविला त्याने त्या काळची पिढी अस्वस्थ झाली. आणि नारायण मेघाजी लोखंडे ह्यांच्या पुढाकाराने १८९० मध्ये मुंबईतील नाभिकांनी सभा भरवून विधवांच्या मस्तकाला वस्तरा न लावण्याचा ठराव केला, ही घटना आपल्या सामाजिक इतिहासात अधिक ठळकपणे सांगितली जावयास हवी. रूढी गेली, तरी तिची सावली राहिली. त्या वृद्धेच्या यजमानांना अखेर आत बोलाविण्यात आले, ते तिच्या शेजारच्या खुर्चीत बसले आणि नाभिकाला म्हणाले, “आधी माझं कर.” दोघांची डोकी एकाच यंत्राने, एकामागून एक, बारीक झाली. मग ती माउली डोक्यावरून पदर घेऊन ताठ मानेने बाहेर पडली.

पुरुषांना ह्यातले काहीच लागत नाही असे समजणेही चूक ठरेल. नगरकडचा एक शेतकरी मला म्हणाला, “डोक्याचं काय, टोपी असती. मिशी गेली तवापासनं बाजाराला गेलो न्हाई.” त्याच्या पत्नीने हे वाक्य त्या दिवशी प्रथमच ऐकले, असे तिच्या चेहऱ्यावरून दिसले.

भुवया आणि पापण्या

डोक्यावरचे केस जाणार, हे सर्वांना ठाऊक असते. भुवया आणि पापण्या जाणार, हे पुष्कळांना कोणी सांगितलेलेच नसते. आणि त्या जातात त्या बहुधा उशिरा, कित्येकदा शेवटचे सलाईन होऊन घरी पेढे वाटून झाल्यावर. “संपलं म्हणून देवाला नारळ फोडला आणि आठ दिवसांत पापण्या गेल्या,” असे पुण्याच्या एका बँक कर्मचारी बाईंनी सांगितले, “मला वाटलं, आजार उलटला.” त्यांनी त्या भीतीत घालविलेल्या रात्री टाळता आल्या असत्या, कारण ह्या विलंबाला साधे कारण आहे. डोक्यावरील केसाची वाढ वर्षानुवर्षे चालते. भुवईच्या केसाची दोन-तीन महिने आणि पापणीची जेमतेम एक-दोन महिने. त्यामुळे कोणत्याही क्षणी भुवया-पापण्यांतील थोडेच केस जागे असतात, पहिल्या मात्रांच्या घावातून बाकीचे निसटतात, आणि पुढे एकेकाची जागे होण्याची पाळी येते तसतसे तेही सापडतात. स्तनाच्या कर्करोगात लाल औषधाच्या फेऱ्या संपून पॅक्लिटॅक्सेलच्या साप्ताहिक फेऱ्या चालू असताना भुवया विरळ होऊ लागतात, हे परिचारिकांना पाठ आहे. व्याधी उलटल्याचे ते चिन्ह नव्हे.

त्यांच्या जाण्याने केवळ शोभा जात नाही. भुवई कपाळावरचा घाम बाजूला वळविते. तीच नसली की मुंबईच्या मे महिन्यात खारा घाम थेट डोळ्यांत उतरतो. पापण्यांचे काम तर मोजून पाहिले गेले आहे: अमेरिकेतील जॉर्जिया येथील संशोधकांनी २०१५ मध्ये दाखविले की सस्तन प्राण्यांत पापण्यांची लांबी डोळ्याच्या रुंदीच्या सुमारे एक तृतीयांश असते, आणि ह्याच लांबीला डोळ्यावरून जाणारा वारा सर्वाधिक अडतो, धूळ कमी बसते व ओलावा टिकतो. पापण्या गेलेल्या माणसाचे डोळे म्हणूनच चुरचुरतात आणि सतत पाणावतात. परळच्या धुळीत साधा चष्मादेखील त्याला मोठा आधार वाटतो. डोसेटॅक्सेल घेणाऱ्यांच्या अश्रुवाहिन्या अरुंद होऊनही पाणी वाहू शकते, म्हणून ही तक्रार डॉक्टरांच्या कानावर घालावीच. नाकातील केसही जातात, आणि मग सर्दी नसताना नाक गळते. रुग्णांच्या हाती नेहमी दिसणाऱ्या रुमालाचे एक कारण हेही आहे.

आणि चेहरा? मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्या संस्थेतील पवन सिन्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात प्रख्यात व्यक्तींच्या छायाचित्रांतून कधी डोळे तर कधी भुवया पुसून टाकल्या, आणि आढळले असे की डोळे पुसले असता चेहरे जितके ओळखू येईनासे झाले त्याहून भुवया पुसल्यावर अधिक झाले. माझ्या शिक्षिका मैत्रिणीला आरशातली बाई ओळखू आली नाही, ती ह्यामुळे. दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेच्या ओसरीवर भेटलेल्या रत्नागिरीच्या एका निवृत्त शिपायांनी हयातीच्या दाखल्याची हकीकत सांगितली: कारकून एकदा कागदावरील छायाचित्राकडे पाही, एकदा त्यांच्या मुद्रेकडे, आणि छायाचित्रातील इसम तो हाच, ह्याची खातरजमा होईपर्यंत त्यांना तिष्ठत बसावे लागले. उपचाराचे कागद दाखविले तेव्हा काम झाले. परंतु ‘मी मीच आहे’ हे दप्तरात सिद्ध करावे लागल्याचा सल त्यांच्या बोलण्यात होता.

बायकांनी मला आणखी एक अडचण सांगितली, जी पुस्तकांत आढळणार नाही. कुंकू कोठे लावावे हे हाताला भुवयांमुळे कळते. भुवया नसल्या की हात कपाळावर अडखळतो. टिकली कधी वर जाते, कधी एका बाजूला. एकीने ह्यावर उपाय काढला होता: उपचारापूर्वीच्या छायाचित्राची मोठी प्रत आरशाला चिकटवायची, नाकपुडीच्या कडेवरून सरळ वर जाणारी रेषा भुवईचा आरंभ मानायची, नाकपुडीपासून डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याला स्पर्शून जाणारी रेषा शेवट मानायची, आणि ह्या दोन बिंदूंमध्ये भुवईच्या पेन्सिलीने एक अखंड रेघ न ओढता केसांसारख्या बारीक बारीक रेघा काढायच्या. “आधी भुवया, मग टिकली,” ती म्हणाली, “मग दूधवाल्याला दार उघडते.” उपचार सुरू होण्यापूर्वी चेहऱ्याचे एक स्वच्छ छायाचित्र काढून ठेवावे, ही तिची सूचना प्रत्येक रुग्णाला द्यावी अशी आहे. मात्र रक्तपेशी उतरलेल्या असताना सुईने भुवया गोंदविणे किंवा डिंकाने खोट्या पापण्या लावणे धोक्याचे. आणि जुनी काजळाची डबी फेकून देणे हिताचे.

जाळीतला केस आणि पदराचा आसरा

टोप बनविणाऱ्या एका कारागिराच्या खोलीत मी पाहिले ते काम डोळ्यांची परीक्षा घेणारे होते. डोक्याच्या मापाची बारीक जाळी लाकडी मस्तकावर ताणलेली. कारागिराच्या हातात मासे पकडण्याच्या गळासारखे टोक असलेली सूक्ष्म सुई. आणि एकेक, दोन-दोन केस जाळीच्या छिद्रातून ओढून त्याची गाठ मारण्याचे अखंड कर्म. केसाचे मुळाकडचे आणि टोकाकडचे टोक बदलले तर चालत नाही, कारण केसावरील सूक्ष्म खवले एकाच दिशेने असतात आणि दिशा बिघडली की टोपाचा गुंता होतो. यंत्रावर शिवलेल्या झालरींचे टोप स्वस्त, हाताने गाठविलेले महाग, आणि कृत्रिम धाग्याचे सर्वांत स्वस्त, परंतु आपल्या दमट हवेत सर्वांत असह्य. मानवी केसाचा मोठा पुरवठा दक्षिणेतील देवस्थानांतून होतो; तिरुमलेला भाविक जे केस अर्पण करतात ते निवडून, प्रतवारी लावून लिलावाने विकले जातात. ह्याखेरीज मुंबई-पुण्यातील तरुण मुली आता आपले हातभर केस कापून कर्करोगाच्या रुग्णांसाठी देतात. एका टोपाला अनेकींचे केस लागतात, हे त्यांना ठाऊक असते आणि तरीही आपल्या एका वेणीने कोणाचे तरी काम अडायचे थांबेल, ही त्यांची श्रद्धा मला थोर वाटली.

तथापि माझ्या पाहण्यात आलेल्या बहुसंख्य स्त्रियांनी टोप वापरला तो लग्नकार्यापुरता. रोजच्या आयुष्यात त्यांना आधार होता तो सुती रुमालाचा आणि पदराचा. खेड्यात डोक्यावरून पदर घेण्याच्या ज्या रिवाजाचा एरवी आपण जाच म्हणून उल्लेख करतो, त्यानेच आजारपणात कित्येकींना झाकून धरले. शहरातील नोकरदार स्त्रीला तेवढाही आडोसा नव्हता.

परतीचे पंचांग

शेवटच्या औषधानंतर तीन ते सहा आठवड्यांनी मस्तकावर लव दिसू लागते. ती मऊ, विरळ आणि बहुधा करडी किंवा बिनरंगी असते, कारण केसाला रंग देणाऱ्या पेशी कामावर रुजू होण्यास थोडा अधिक वेळ घेतात. त्यानंतर वाढ महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर. आषाढात शेवटचे सलाईन झालेली स्त्री दिवाळीच्या अभ्यंगस्नानाला बसेल तेव्हा तिच्या डोक्यावर पेरभर केस असतील. पुढील दिवाळीला ते मानेवर येतील. आणि कमरेपर्यंतच्या वेणीला पाच-सहा वर्षांचा धीर धरावा लागेल. पुष्कळांचे नवे केस पूर्वीहून वेगळे येतात: सरळ होते ते कुरळे, काळे होते ते करडे, राठ होते ते मऊ. हा फरक बहुधा वर्ष-दीड वर्षात ओसरतो, काहींचा राहतो.

भुवया-पापण्या उशिरा गेल्या तरी परततात लवकर, बहुधा एक-दोन महिन्यांत. आरंभी त्या आखूड, सरळ आणि असमान असतात. येथे आणखी एक गोष्ट सांगून ठेवली पाहिजे, जिच्या अभावी माणसे पुन्हा घाबरतात: परत आलेल्या पापण्या काही महिन्यांनी एकदम पुन्हा गळू शकतात. पूर्वी त्यांची कालगणना वेगवेगळी होती. आता त्या सर्व एकाच वेळी उगवल्या, म्हणून एकाच वेळी त्यांची मुदत भरते. असे एक-दोनदा होते आणि मग हळूहळू प्रत्येकीचा क्रम पुन्हा स्वतंत्र होतो.

ह्या काळात घरोघरी सल्ल्यांची रेलचेल असते. ‘एकदा पुन्हा गोटा करा म्हणजे दाट येतील’ हा त्यांतील सर्वांत लाडका. परंतु वस्तरा त्वचेच्या वर फिरतो आणि केसाची दाटी त्वचेच्या खाली ठरते, म्हणून बाळाच्या जावळाइतकाच हा सल्ला रुग्णाच्या बाबतीतही निराधार आहे. कांद्याचा रस नाजूक त्वचेला भाजून काढतो. बायोटिनच्या गोळ्या औषधांच्या दुकानांत सहज मिळतात. त्या थायरॉइड व हृदयासंबंधीच्या काही रक्ततपासण्यांचे निष्कर्ष चुकवू शकतात, म्हणून त्या घेत असल्यास डॉक्टरांना सांगणे अगत्याचे. साधे खोबरेल, सौम्य साबण, उन्हात टोपी आणि पोटभर डाळ-भात-अंडी, एवढ्याने निसर्गाचे काम चालते.

ज्यांचे केस सहा महिने उलटूनही नीट परत येत नाहीत, अशी माणसेही आहेत, आणि सांत्वनाच्या घाईत आपण त्यांना विसरतो. डोसेटॅक्सेलनंतर काहींचे केस कायमचे विरळ राहतात. अस्थिमज्जारोपणापूर्वी दिल्या जाणाऱ्या बुसल्फाननंतर, आणि मस्तकावरील मोठ्या मात्रेच्या किरणोपचारानंतरही तसे घडते. संप्रेरकविरोधी गोळ्या पाच-दहा वर्षे घ्याव्या लागणाऱ्या काही स्त्रियांचा भांग रुंदावत जातो. अशांनी त्वचारोगतज्ज्ञाकडे जाऊन लोह, थायरॉइड आदींची तपासणी करवून घ्यावी. आणि केसांसाठी म्हणून ती जीवरक्षक गोळी परस्पर बंद मात्र करू नये.

थंडीचा उपाय आणि त्याची हद्द

केस जाऊच नयेत ह्यासाठी एक उपाय आहे: औषध चालू होण्यापूर्वी अर्धा तास, ते चालू असताना, आणि नंतरही तासभर वा अधिक, मस्तकावर गारठा देणारी टोपी बसवायची. थंडीने तेथील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, मुळांपर्यंत औषध कमी पोहोचते आणि पेशींचे व्यवहारही मंदावतात. अमेरिकेत २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत टोपी वापरणाऱ्या सुमारे निम्म्या स्त्रियांचे केस टिकले, न वापरणाऱ्यांपैकी एकीचेही नाही. परळच्या टाटा रुग्णालयात भारतीय स्त्रियांवर झालेल्या, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीतही निम्म्याहून अधिक जणींना गुण आला. भुवया-पापण्यांना ती टोपी वाचवीत नाही, रक्ताच्या कर्करोगात ती वापरीत नाहीत, आणि जेथे एका खुर्चीसाठी दहा रुग्ण खोळंबलेले असतात तेथे प्रत्येकाचा दीड-दोन तास अधिक वेळ कोठून आणावयाचा, हा प्रश्न यंत्राच्या किमतीइतकाच बिकट आहे. मस्तकावर लावण्याच्या मिनॉक्सिडिलने गळती थांबत नाही. परंतु १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत त्याने टकलाचा काळ सुमारे पन्नास दिवसांनी घटला. पापण्यांसाठी काचबिंदूच्या औषधातून निघालेले बिमॅटोप्रोस्ट आहे. त्याने पापणीची त्वचा काळवंडू शकते, म्हणून ते नेत्रवैद्याच्या देखरेखीखालीच वापरावे.

एक कागद

ज्या उपायाला यंत्र लागत नाही, खुर्ची लागत नाही आणि जवळजवळ पैसाही लागत नाही, त्याचा उल्लेख मी अखेरीस करीत आहे, कारण इतके सारे पाहिल्यावर मला तोच सर्वांत निकडीचा वाटतो. उपचारापूर्वी रुग्ण ज्या संमतिपत्रावर सही किंवा अंगठा करतो त्यात ‘केस गळू शकतात’ एवढा मजकूर असतो. केव्हा, कोणत्या क्रमाने, कोणत्या औषधाने, किती काळ, आणि परत केव्हा, ह्यांपैकी काहीही त्यात नसते. ओपीडीत एका रुग्णामागे मिळणाऱ्या मोजक्या मिनिटांत डॉक्टर हे सारे सांगू शकत नाहीत, आणि त्यांना दोष देणे अन्यायाचे होईल; ते जीव वाचविण्याच्या गोष्टी आधी सांगतात, आणि ते योग्यच आहे. पण रुग्ण घरी गेल्यावर त्याच्या हातात काय राहते?

हातात राहावा एक कागद, सोप्या मराठीत आणि मोठ्या अक्षरांत छापलेला. ताप आल्यास काय करावे ह्या सूचनेबरोबर दिलेला. त्यात लिहिलेले असावे की दोन-तीन आठवड्यांनी डोके ठणकेल आणि केस जातील. वस्तरा लावू नका. आजच एक छायाचित्र काढून ठेवा. भुवया आणि पापण्या शेवटी-शेवटी किंवा उपचार संपल्यावर जातील, त्याचा अर्थ रोग उलटला असा नाही. नाक व डोळे वाहतील. शेवटच्या सलाईननंतर महिन्या-दीड महिन्याने लव येईल, ती करडी किंवा कुरळी असली तरी काळजी नको. पापण्या आल्यावर पुन्हा गळू शकतात, आणि पुन्हा येतील. सहा महिन्यांत केस न आल्यास येथे दाखवा. शेवटी एक ओळ घरच्यांसाठी: ‘जीव वाचला, केसांचं काय एवढं’ असे म्हणू नका.

कारण हे वाक्य मी परळपासून दादरपर्यंत अनेकांच्या तोंडून ऐकले, आणि ते ज्यांना उद्देशून म्हटले गेले त्यांच्यापैकी एकालाही त्याने धीर दिला नाही. जीव वाचविणे हे वैद्यकाचे काम. परंतु वाचलेल्या जिवाला आपल्या आरशात, आपल्या ओसरीवर आणि आपल्या गावच्या बाजारात पुन्हा ओळखीने उभे राहता येणे, हाही उपचाराचाच शेवटचा टप्पा आहे, आणि तो पुरा होईपर्यंत उपचार पुरा झाला असे आपण म्हणू नये. केस येण्याची मुदत निसर्गाने ठरविलेली आहे आणि ती आपल्याला ठाऊक आहे. ती रुग्णाला आगाऊ सांगण्यास आपल्याला कोणाच्या परवानगीची वाट पाहावी लागत नाही.